डुमसच्या उंटावरचा फोटो

लोटू : ओढू नको कागद. ओढला की अडकतो.

शोभाबाई : मी कुठं ओढते? तोच अर्ध्यात थांबला. आणि पाहा काय दिलं त्यानं. आभाळ दिलं, तुमची टोपी दिली. खाली कोरं.

लोटू : कोरं कसं? आपण कुठं आहोत?

शोभाबाई : आपण मशीनमध्येच. टोपी तेवढी सुटली.

लोटू : नूतनला फोन लाव. तिचा प्रिंटर, तिलाच माहीत.

शोभाबाई : सुनबाई नातीच्या शाळेत मीटिंगले बसली, फोन उचलायची नाही. जाताना तीन कागद देऊन गेली. म्हटली, आई, चकचकीत बाजू वर ठेवा, मोबाइलवर फोटो उघडा, खाली प्रिंट लिहिलंय ते दाबा. मी तसंच केलं.

लोटू : चकचकीत बाजू वर होती?

शोभाबाई : माले दोन्ही बाजूनं चकचकीतच दिसते.

लोटू : सरक. मी लावतो. मिलमध्ये तीस वर्षं कापडाची सुलटी-उलटी हातानं ओळखली मी. डोळे मिटून. ही बघ, ही बाजू. दाब आता.

शोभाबाई : दाबलं. येऊन राहिला. हं, या वेळेस पुरा आला. अहो, बोट काबर लावलं?

लोटू : वाळलाय का बघत होतो. ओला आहे.

शोभाबाई : माझं तोंड पुसलं गेलं. कानापासून नाकापर्यंत फिरवलं बोट तुम्ही.

लोटू : उलटी बाजू लागली असेल. कापड असतं तर चुकलो नसतो.

शोभाबाई : आता शेवटचा कागद. हा मी लावते, तुम्ही हात मागे बांधून उभे राहा.

लोटू : राहिलो. पण एक सांगतो, दुकानापेक्षा घरी काढलेलं केव्हाही बरं. घरातली गोष्ट घरात राहते. दुकानदार चार जणांना दाखवतो.

शोभाबाई : आला. बाजू बरोबर, टोपी बरोबर, उंट पुरा. आपण दोघं हिरवे.

लोटू : खिडकीपाशी आण. हं. लाल संपलाय. पिवळा आहे, निळा आहे, लाल नाही.

शोभाबाई : मशीन उघडून पाहायचं का?

लोटू : उघडायची गरज नाही. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये आयुष्य रंग कालवण्यात गेलं माझं. मिलवाले मला कलर मास्तर म्हणायचे. काय दिवस आले बघ. तिकडे लाल पिंपाने सांडतो आणि माझ्या घरात चमचाभर नाही.

शोभाबाई : नातीनं काल प्रोजेक्टसाठी याच मशीनवर जास्वंदं काढली. अठरा. तिथं गेला लाल. चला मग, भूपेंद्रकडे जाऊ. गल्लीच्या तोंडाशी तर त्याचं फोटोचं दुकान आहे.

लोटू : भूपेंद्रकडे मी जाणार नाही.

शोभाबाई : काबर?

लोटू : तुला माहीत आहे.

शोभाबाई : माहीत आहे. तुमच्या तोंडून ऐकायचं आहे.

लोटू : मागच्या रविवारी समाजाच्या मंडळाचा उपाध्यक्ष म्हणून मी ठराव मांडला. लग्नाआधी मुलामुलींनी बागेत, समुद्रावर जाऊन, एकमेकांच्या गळ्यात पडून फोटो काढायचे नाहीत. आपल्या समाजाला हे शोभत नाही. ठराव एकमताने मंजूर झाला. टाळ्या पडल्या.

शोभाबाई : आणि भूपेंद्रची दोन गिऱ्हाइकं गेली.

लोटू : मागच्या रांगेत बसून ऐकत होता. आता मी त्याच्याच दुकानात हा फोटो घेऊन जाऊ? समुद्र आहे, उंट आहे, आणि तू मला...

शोभाबाई : मी तुम्हाले काय?

लोटू : कवटाळून बसली आहेस.

शोभाबाई : उंट उठला. तो आधी मागून उठतो, हे कोणी सांगितलं होतं माले? मी पडत होती.

लोटू : पडत होतीस हे फोटोत कुठं येतं? फोटोत वेगळंच दिसतं. त्यापेक्षा आपल्या पोराच्या, वैभवच्या लग्नातला घेऊन जा. मी फेटा बांधून उभा, तू शेजारी, मधे एक माणूस मावेल एवढी जागा. सभ्य फोटो आहे.

शोभाबाई : तो माझ्या आईनं पाहिला. तो नको.

लोटू : मग हाच मोबाइलवर दाखव.

शोभाबाई : दिवाळीले दाखवून पाहिलं मोबाइलवर. आई माया करायले फोटोवर हात फिरवते, की फोटो पळून जातो. मग घाबरते. म्हणते, कुठं गेला गं, मी काय केलं. नव्वदीले टेकली ती, तिले हातात धरायले कागदच पाहिजे. माहेरची दीडची गाडी आहे उधन्याहून, आणि हातोहात मशीनवर काढून देणारा तो एक भूपेंद्र. बाकीचे उद्या या म्हणतात. तुम्ही येऊ नका, मी एकटी जाते.

लोटू : एकटी गेलीस तर तो काय काय विचारेल तुला.

शोभाबाई : विचारेल तर सांगीन. माले काय चोरी आहे?

लोटू : थांब. येतो. पण बोलायचं मी.

(अर्ध्या तासानं. नवागाममधलं भूपेंद्रचं फोटोचं दुकान.)

भूपेंद्र : आवो आप्पा, बेसो. काकू, तुम्ही इकडे पंख्याखाली बसा. काय, पासपोर्ट साइझ काढायचा?

लोटू : काढलेला आहे. मोबाइलमध्ये. प्रिंट पाहिजे. लहान.

भूपेंद्र : मोकलो ने. माझ्या व्हॉट्सॲपवर टाकून द्या.

लोटू : व्हॉट्सॲपवर नको. वायरने घे.

भूपेंद्र : वायरने घेऊ, कंई वांधो नथी. यातला कुठला?

शोभाबाई : उंटाचा.

भूपेंद्र : अच्छा.

लोटू : काय झालं?

भूपेंद्र : कुठं काय. मस्त आहे फोटो.

लोटू : ती पडत होती.

भूपेंद्र : हो ना.

लोटू : उंट मागच्या पायांवर आधी उठतो.

भूपेंद्र : माहीत आहे आप्पा. डुमसला त्याच उंटावर अकरा जोड्यांचं प्री-वेडिंग केलं मी. सगळ्या पोरी पडतच होत्या.

लोटू : तू चेष्टा करतोस.

भूपेंद्र : तुमची चेष्टा करून मला नवागाममध्ये राहायचंय का? खरं सांगतो. त्या पोरांना मी तास तास समजावतो, जवळ या, हसा, कॅमेरा विसरा. नाही जमत. कडक होऊन बसतात, जसे काय ओळखपत्राचा फोटो काढायला आलेत. तुम्हाला एका झटक्यात जमलं. कोणी काढला?

शोभाबाई : आमच्या नूतननं.

लोटू : बाहेर ओट्यावर कोण बसलंय?

भूपेंद्र : निंबा नाना. चहा पितात.

लोटू : मंडळाचा सेक्रेटरी. शटर अर्धं ओढ.

भूपेंद्र : अर्धं शटर दिसलं तर ते चहा टाकून आत येतील. उघडंच बरं. मॅट के ग्लॉसी?

लोटू : लवकर वाळेल तो.

भूपेंद्र : इथं सुकाच निघतो. बघा, स्क्रीनवर असा दिसतो.

लोटू : हे काय केलंस?

भूपेंद्र : ऑटोमॅटिक होतं ते. काकूंचा चेहरा जरा उजळ झाला. सगळ्यांचा होतो. आजपर्यंत कोणी तक्रार नाही केली.

लोटू : ही माझी बायको नाही.

भूपेंद्र : आप्पा, दोन पॉइंट वाढलेत फक्त.

लोटू : दोन नाही, सहा. काढ ते. अजून काढ. आता पिवळा दे. हळू. लाल दे थोडा. जास्त झाला, मागे ये. कपाळ रापलेलं आहे तिचं, गाल तेवढे नाहीत, गाल वेगळे घे. हं. अजून एक बारीक. थांब. हाच शेड.

भूपेंद्र : काकू पंख्याखाली बसल्यात, समोर. मॅच करायला एकदा पण वळून बघितलं नाही तुम्ही.

लोटू : या शेडचं सॅम्पल लागत नाही मला.

शोभाबाई : काय म्हटले हे?

भूपेंद्र : कलरचं चाललंय काकू.

लोटू : आता तिचा हात येतो तिथून काप.

भूपेंद्र : हात कापला तर तुमची मान पण जाते.

लोटू : मग दोघांचे वेगवेगळे काढ. मी घरी शेजारी शेजारी चिकटवतो.

भूपेंद्र : वेगळे केले तर तुम्ही एकटे हसताना दिसाल, आप्पा. उंटावर, एकटे. ते जास्त वाईट.

शोभाबाई : कापू नको रे भाऊ. त्या हसण्यासाठीच तर फोटो पाहिजे माले.

लोटू : म्हणजे?

शोभाबाई : सोयरीक झाली तेव्हा आईनं तुम्हाले एकदाच पाहिलं होतं. बापाले म्हटली, मुलगा कामाचा आहे, पण हसत नाही. बापानं मनावर घेतलं नाही. तेव्हापासून मी माहेरी गेली, की आई ताटात वाढते आणि हळूच विचारते, हसतो का गं जावई? मी म्हणते, हसतो. तिले वाटतं, मी तिची समजूत काढते. आपल्या लग्नाच्या फोटोत तुम्ही हसले नाही. वैभवच्या लग्नात हसले नाही. हा एकच आहे. पाहा, दात दिसून राहिले.

लोटू : हे कधी बोलली नाहीस मला.

शोभाबाई : काय बोलू? हसा म्हणू?

लोटू : दर वेळी विचारतात?

शोभाबाई : दर वेळी. मागच्या वेळेस म्हटली, मी जायच्या आधी एकदा खरं सांग.

भूपेंद्र : आप्पा, काय करू? कापू?

लोटू : कापू नको. मोठा काढ.

भूपेंद्र : केवढा?

लोटू : नव्वदीच्या माणसाला दिसेल एवढा. दात दिसले पाहिजेत.

भूपेंद्र : मग आठ बाय बारा. दोन काढतो. एक इथं काचेत लावू का, दुकानाच्या?

लोटू : नाही.

भूपेंद्र : सहज विचारलं. हा घ्या. बराबर आला ना कलर?

लोटू : आला. आता तुझ्या कॉम्प्युटरमधून पुसून टाक. माझ्यासमोर.

भूपेंद्र : टाकला पुसून.

लोटू : कचऱ्याच्या डब्यातून पण.

भूपेंद्र : तिथूनही गेला. तुम्हाला बरं हे माहीत.

लोटू : नूतननं सांगितलंय. तिथं पडून राहतो म्हणाली. आणि भूपेंद्र, ऐक. ठराव काही मागे घेता येणार नाही. इतिवृत्तात गेलाय.

भूपेंद्र : मी कुठं म्हटलं, मागे घ्या?

लोटू : पण तो लिहिलाय मी. त्यात शब्द आहे, लग्नाआधी. लग्नानंतरचं त्यात काही नाही. तुझी ती दोन गिऱ्हाइकं जाऊ देऊ नको. हळद फिटली की घेऊन जा त्यांना डुमसला. कोणी बोललं तर माझ्याकडे पाठव.

भूपेंद्र : उंट चालेल?

लोटू : उंटाचा ठरावात उल्लेख नाही.

शोभाबाई : चला आता, बारा वाजून गेले. घरून पिशवी घ्यायची आहे अजून.

भूपेंद्र : थांबा काकू, मागे पुठ्ठा लावून देतो. गाडीत गर्दी असते, मुडपेल.

लोटू : पिशवीत माझा एक शर्ट टाक.

शोभाबाई : काबर?

लोटू : मी पण येतो.

शोभाबाई : उद्या तुमची बैठक आहे ना मंडळाची?

लोटू : मंडळातला पंडित चालवेल बैठक. त्याला हौस आहे.

शोभाबाई : किती वर्षांनी येऊन राहिले, माहीत आहे?

लोटू : मोजू नको. चल.

शोभाबाई : मग फोटो कशाले काढला एवढा मोठा? माणूसच चालला समोर.

लोटू : फोटो राहू दे बरोबर. तिथं गेल्यावर मला हसू येईलच असं नाही.