पिशोरच्या चौकातला डॉक्टर

शिवराज : नाना, साक्षी राहा! आजपासून शिवराज आणि वैद्यकशास्त्र यांचा संबंध कायमचा संपला. मानवजातीनं आपला दुसरा डॉक्टर शोधावा!

नानासाहेब : शोधेल. पण जाताना तो एप्रन काढून ठेव, माझा आहे.

शिवराज : अॅनाटॉमीत नापास झालोय मी, आणि तुला एप्रनचं पडलंय?

नानासाहेब : तीन दिवस तू जेवला नाहीस, खोलीबाहेर पडला नाहीस. रूम पार्टनर म्हणून मला भीती वाटली. पिशोरला, तुझ्या घरी फोन केला मी. तुझे आजोबा आलेत, खाली वॉचमनशी भांडतायत.

(कडूबा आत येतात. हातात भाकरीचं फडकं.)

कडूबा : काय रं, लई वाळलास?

शिवराज : आबा, मला नाय जमत. तोंडी परीक्षेत सरांनी हाड हातात दिलं, म्हणले, डावं का उजवं सांग. मी उजव्याला डावं म्हणलो. मी गावाकडं येतो. मेंढरं राखीन.

कडूबा : हाड वळखंना, आन् मेंढरं वळखशील व्हय? पहिल्या साली मी दुसऱ्याची बारा मेंढरं घरी हाकून आणली. मालक काठी घेऊन दारात!

नानासाहेब : मग?

कडूबा : मार खाल्ला. दुसऱ्या दिवशी फिरून मेंढरांमागं गेलो. आता नुसत्या खोकल्यावरून वळखतो.

नानासाहेब : ऐक. फेरपरीक्षा दीड महिन्यावर आहे, हाडांची पेटी आपल्याकडं आहे. उद्या अकराला कॉलेजच्या समुपदेशकांकडं तुझा नंबर लावलाय. गेल्या वर्षी मीही जात होतो.

शिवराज : मला काय वेड लागलंय?

कडूबा : मेंढरानं चारा सोडला की दवाखान्यात नेतो आपण. येड लागलं म्हणून नेतो व्हय?

शिवराज : पण आबा, चौकात माझा फ्लेक्स आहे ना! ‘डॉक्टर शिवराज यांचे हार्दिक अभिनंदन.’ अॅडमिशन झाली त्याच दिवशी लावला गावातल्या पोरांनी. तेव्हापासून अख्खं गाव गुडघ्यांसाठी मला फोन करतं. त्या फ्लेक्ससमोरून कसा जाऊ मी?

कडूबा : फ्लेक्स कुठं राहिलाय? दोन महिने झाले, वावटळीत खाली आला. मेंढरांच्या शेडवर टाकलाय. तोंड आतल्या अंगाला.

शिवराज : म्हणजे मला बघतं कोण?

कडूबा : मेंढरं. अजून एकीनंबी निकाल इचारला नाय.

नानासाहेब : हसला! आबा, तीन दिवसांनी हसला हा.

शिवराज : गप रे. सोडा ते फडकं, आबा. ठेचा आणलाय ना? नाना, तू ती पेटी काढ. आणि उद्या अकराला बरोबर चल, मी एकटा नाय जाणार.

कडूबा : खा दमानं. आन् पास झालास की गावातल्या पोरांना माझा एक निरोप दे.

शिवराज : काय?

कडूबा : नवा फ्लेक्स दोन हात लांब करा म्हणावं. शेडचा एक कोपरा गळतोय.