शंभर शब्दांसाठी वगळलेलं वाक्य

वहिनी, मीनल, आणि उपस्थित बंधू-भगिनींनो,

कामधंदा बाजूला ठेवून आपण सगळे वाचनालयाच्या या सभागृहात आलात. माझ्या आधी जे बोलले, त्यांनी मनोहररावांच्या भरवेलीच्या शाळेतल्या सेवेविषयी सांगितलं, त्यांच्या विनोदाविषयी सांगितलं. ते सर्व खरं आहे. मला मात्र दुसरं काही सांगायचं आहे. ते मी लिहून आणलं आहे, कारण कागद हातात नसला तर मी ते टाळीन. मला दुःख आहे. पण त्याहून अधिक, मला भीती वाटते आहे.

आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल, की मनोहरराव कथा लिहीत. इंटरनेटवर मराठी माणसांचा एक समूह आहे. त्यांच्या लेकीनं, मीनलनं, नागपूरहून त्याचा पत्ता कळवला होता. तिथे अतिलघुकथांची स्पर्धा होते. कथा बरोबर शंभर शब्दांची हवी. मतदान संपेपर्यंत लेखकाचं नाव गुप्त राहायला हवं. नाव उघड झालं, की प्रवेशिका बाद. वाचक कथेखाली मत लिहितात, आणि तिथला एक अलिखित संकेत असा, की कथा खरी आहे का, हे लेखकाला कुणी विचारायचं नाही.

दर शुक्रवारी शाळा सुटली, की मनोहरराव आणि मी बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत बसत असू. दोघे पन्नाशी ओलांडलेले, एका खुर्चीवर अर्धे-अर्धे. कॅफेवाला म्हणायचा, "काकाजी, दो घंटे से एक ही पन्ना देख रहे हो, याद करना है क्या?" मनोहरराव कथा वहीत लिहून आणत. शब्द मोजणं आणि जास्तीचे काढणं, हे माझं काम. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, म्हणून ते मला 'बीकॉम' म्हणत. "ए बीकॉम, काप. पण हळू काप, दुखते मले."

शेवटच्या कथेत एक बाप होता. मुलीचं लग्न ठरलेलं. त्याचा डावा हात जड पडतो, जिना चढताना श्वास लागतो, आणि तो कुणाला सांगत नाही. लग्न होऊन जाऊ दे, मग पाहू, असं तो रोज स्वतःला समजावतो. मी कथा वाचली आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"काहून पाहून राह्यला असा? कथा आहे ते. तू शब्द मोज."

मी शब्द मोजले. एकशे अकरा भरले. अकरा शब्द काढायचे होते. एक वाक्य नेमकं अकरा शब्दांचं सापडलं. ते असं होतं: "काल भरवेलीच्या चढावर सायकल धरून तो बराच वेळ खाली बसला होता."

मी म्हणालो, हे काढू. यात गावाचं नाव आहे, ओळख पटेल. त्यांनी क्षणभर विचार केला. "काढ," म्हणाले.

मित्रहो, मला इतकं समाधान झालं होतं. एका रेघेत हिशेब जुळला होता. एका संपूर्ण कथेत जो माणूस मला सांगत होता, त्याचं सर्वांत खरं वाक्य मी खोडलं, आणि मला समाधान झालं होतं.

पुढच्या शुक्रवारी कथेखाली बरीच मतं आली होती. त्यांत एका बाईंनी लिहिलं होतं: "मी डॉक्टर आहे. कथा म्हणून माझं मत देते. पण लेखकानं हे स्वतः अनुभवलं असेल, तर त्यांनी मतदान संपण्याची वाट पाहू नये. आजच तपासून घ्यावं. कृपया उत्तर द्या."

मनोहररावांचा हात माऊसवरून खाली आला. आम्ही दोघे त्या पडद्याकडे पाहत होतो, एकमेकांकडे पाहत नव्हतो. मग त्यांनी हळूच विचारलं, "काय लिहू रे उत्तर?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारला. मलाच विचारला. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "काही लिहू नको. उत्तर दिलं तर त्याखाली नाव दिसेल. प्रवेशिका बाद."

"हौ. नियम म्हणजे नियम." ते हसले. "घाबरू नको, बीकॉम. मी मेलो त निकाल पाहाले कोण येईन?"

मीही हसलो. ते हसू अजून माझ्या कानात आहे.

मंगळवारी सकाळी शाळेत जाताना ते त्याच चढावर पडले.

आम्ही वैनगंगेच्या घाटावरून परत आलो, तेव्हा वहिनींनी मला दारातच विचारलं, "भाऊजी, यायनं तुमाले काही सांगतलं होतं काय? छाती-बिती दुखते म्हणून?" मी म्हणालो, "नाही, वहिनी." माझं उत्तर शब्दशः खरं होतं. त्यांनी मला सांगितलं नव्हतं. लिहून दिलं होतं. त्या फरकाच्या आड मी आठ दिवस लपून बसलो आहे. दारावर कुणाची थाप पडली, की मला वाटतं, वहिनीच आल्या.

मतदान परवा संपतं. ती कथा अजून तिथे आहे, बिननावाची. त्या डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं आहे, "लेखक बरे आहेत ना?" त्याखाली आणखी कितीतरी जणांनी तेच विचारलं आहे. मला त्या पानाची भीती वाटते. तरी इथून मी तिथेच जाणार आहे. लेखकाचं नाव लिहीन, गाव लिहीन, खोडलेलं वाक्य लिहीन, आणि ते कुणी खोडलं तेही लिहीन. प्रवेशिका बाद होईल. मीनल, बाबांची कथा स्पर्धेत राहावी असं तुला वाटत असेल, तर मला सांग. मी थांबेन. पण त्या लोकांना उत्तर मिळायला हवं, असं मला वाटतं.

आणि वहिनी, आपल्या प्रश्नाचं उत्तर मी बदलतो आहे. हो. मला कळलं होतं. त्यांना दवाखान्यात नेता आलं असतं. चार दिवस हातात होते. क्षमा मागण्याचं धाडस माझ्यात नाही. आपण मला जे बोलाल, ते ऐकण्यासाठी मी दाराशी थांबणार आहे.

आता मनोहररावांसाठी आपण दोन मिनिटं स्तब्ध राहू या. वहिनी, आपण बसून राहा. आम्ही सगळे उभे राहतो.