खालच्या फरशीवरचा कंदील

ऐका. पण आधीच सांगतो, हे सगळं मला नीट आठवतं याची मला खात्री नाही. पाऊस श्रावणातला होता की... काय म्हणतेस यमू? भाद्रपदातला? बरं, भाद्रपदातला. साप माझ्या या बहिणीला चावला होता, तिचंच खरं धरा.

तर दुपारी यमूला फुरसं चावलं. गावच्या दवाखान्यात लस संपलेली. डॉक्टर म्हणाले, "तालुक्याहून आणा, मास्तर. उशीर केलात तर माझ्या हातात काही राहणार नाही." मी जुन्या मोटरसायकलवर खालच्या फरशीवरूनच, म्हणजे नदीवरच्या त्या बुटक्या पुलावरूनच, गेलो. लस मिळून परत निघालो तेव्हा अंधार पडला होता. बर्फात लस, थर्मासात बर्फ, थर्मास गळ्यात. धरणावरची वाट लांबची, फरशीची जवळची. मी जवळची धरली. तुम्हीही धरली असती. धरली असती ना?

नदीच्या उतारावर गाडी बंद पडली. फट्, फट्, गप्प. बॅटरी केव्हाचीच मेलेली, त्यामुळे इंजिन बंद की दिवाही बंद. किक मारली. काही नाही. चाचपडत प्लग काढला, बनियनला पुसला, परत बसवला. काही नाही!

तेवढ्यात फरशीच्या तोंडाशी कंदील दिसला.

"मास्तर, उजेड धरू का?"

"धरा हो, देवासारखे आलात!"

देवासारखे! हसू नकोस भिवा, तू काय म्हणाला असतास?

"गाडी इथवर आणा, नीट दिसेल."

मी ढकलली. प्लग पुन्हा काढला, इंजिनाला टेकवून किक मारली. ठिणगी दिसेना.

"अजून थोडं पुढे, मास्तर."

ढकलली. पॉइंटचं झाकण काढलं, पॉइंट रुमालाने पुसले. किक. नाही!

"अजून थोडं."

ढकलली, आणि बुटात पाणी शिरलं. तेव्हा मान वर केली. पाऊस धो धो, आणि कंदिलाची ज्योत हलत नाही. काचेवर थेंब नाही. धरणारा हात दिसतो, मनगटापर्यंत. त्याच्यापुढे काहीच नाही!

मी गाडी मागे ओढू लागलो. तर आवाज बदलला.

"नाना, मी यमू. मी बरी झाले रे. आता घाई नको. ये इकडे."

यमूचाच आवाज! अहो, मी कॉलेजात रसायन शिकवणारा माणूस, पण एक पाऊल पुढे टाकलं. टाकलंच.

मग आई आठवली. ती सांगायची, नदीकाठी न मागता कुणी दिवा धरला तर तो गिऱ्हा, पाण्यातलं भूत. त्याच्याशी बोलू नये, पळू नये. पाठ करावी आणि आपलं काम करावं. मी पाठ केली. त्याचा उजेडही नको म्हणून रेनकोट काढून डोक्यावरून गाडीवर ओढला. आत काळाकुट्ट अंधार. मागे यमू हुंदके देतेय. मी वाकून हातानेच किक दाबली, आणि...

टाकीखाली निळी ठिणगी! टक्! पुन्हा दाबली, पुन्हा टक्! प्लगच्या वायरचं रबर तडकलं होतं. ओल्या फटीतून वीज चेसीत, गाडीच्या लोखंडी सांगाड्यात, पळत होती, प्लगपर्यंत पोचतच नव्हती. उजेडात ती कधीच दिसली नसती. कंदील धरून त्याने मला आंधळं केलं होतं!

वायर पुसली, प्लग परत बसवला. रेनकोटची टोपी फाडून तिच्यावर घट्ट गुंडाळली, चेसीपासून लांब बांधली. किक. फट्. किक. आणि गाडी जी गरजली! दिवा लागला. कंदील नाही, हात नाही, नुसतं पाणी. मी गाडी वळवली आणि ओरडलो, "धर आता उजेड!" मी ओरडलो! वर्गात ज्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत जात नसे, तो मी!

धरणावरून आलो. लस वेळेत टोचली. ती बघा, बसलीय सुपारी कातरत. म्हणून सांगतो, अंधार पडल्यावर खालच्या फरशीची वाट धरू नका. गाडी कितीही नवी असो.

तरी माझं मन खायचं. लोक म्हणायचे, "मास्तर भ्याले. फरशी तुटली ती पहाटे, तेव्हा तर घोटाभर पाणी, सरळ आले असते तर पोरीचे हाल वाचले असते." मलाही वाटायचं, भास झाला असेल. उगाच लांबून आलो, यमूला काही झालं असतं तर?

पुष्कळ वर्षांनी ती फरशी दुरुस्त करणारा मुकादम भेटला. त्याला विचारलं. तो म्हणाला, "त्या रात्री? मास्तर, फरशीचा मधला गाळा पहाटे नव्हे, दिवेलागणीलाच वाहून गेला होता. तिथे पाण्याखाली फरशी नव्हतीच."