चातुर्मासातले कंद

…नाही, बसा म्हणणार नाही मी तुम्हाले, विहीणबाई. उभ्या आहात तं उभ्याच राहा. माझे हात मातीत आहेत, चहा कोण ठेवणार? तुमची दामिनी ठेवायची, तिले तुम्ही नवरात्रापासून तुमच्या गावी, कुहीले ठेवून घेतलं. दिवाळी तोंडावर आली अन् आता तिचे कपडे न्यायले आल्या — फोन नाही, काही नाही, सरळ पिशव्याच घेऊन.

काय पाहून राहिल्या? कंद आहेत, ग्लॅडिओलसचे. इतवारीच्या बाजारातून आणले. तिच्यासाठी नाही आणले, अंगण उघडं दिसते म्हणून आणले. आता लावले की थंडी सरता सरता फुलं येतात, एवढं मलेही समजते — पाह्यलं ना गेल्या साली पायरीवरून तिले लावताना.

अन् आमच्याकडे चातुर्मास पाळतात, हे लग्न जुळवतानाच सांगितलं होतं, व्याह्यांसमोर — तवा होते ते. कांदेनवमीले घरातला शेवटचा कांदा भज्यात जाते, मंग कार्तिकी एकादशीपर्यंत कांद्याचं साल दिसलं नाही पाहिजे घरात. अन् तिचे कंद जिन्याखाली जाळीच्या पिशवीत, वाळक्या सालाचे, गोल-गोल असे टांगलेले — कोणती बाई कांदे नाही समजणार? तुम्हीही समजल्या असत्या. दिले कचरागाडीत. माझ्या हातानं दिले, लपवून नाही राहिली मी. तिच्या बाबांनी लावलेले, दरसाल खणून वाळवून ठेवलेले, ते गेल्यावर तिनं इकडं आणलेले — हे काय पिशवीवर लिहिलं होतं?

नवरात्रात ती खुरपं घेऊन जिन्याखाली गेली, पिशवी नाही दिसली. मले इचारलं, मी सांगितलं. बस. एक शब्द नाही बोलली. बोलली असती तं भांडण झालं असतं, भांडण झालं असतं तं मिटलंही असतं. हे काय, तोंड शिवून निघून जाणं? अन् आमचा संजीव — सकाळी कोराडीच्या वीजकेंद्रात ड्यूटीवर जाते, संध्याकाळी येते, तोही तोंड शिवून. जेवते अन् झोपते. मी टीव्हीशी बोलते. आधी संध्याकाळी ती या वाफ्यापाशी बसायची, मी तिथं पायरीवर — माझ्याशी कमी अन् झाडांशी जास्त बोलायची. राग यायचा मले. खोटं काहून बोलू? लय राग यायचा. आता राग करायलेही कोणी नाही घरात.

हो, लागले असतील उलटे. कोंब कोणत्या बाजूनं, मले काय माहीत? — तुम्ही खाली काहून बसल्या? पातळ मातीनं भरन. राहू द्या म्हणते ना, मी कोणाचे उपकार घेत नाही… बरं. सपाट बाजू खाली. समजलं. उठा आता.

कपाट उघडंच आहे. साड्या न्या, ड्रेस न्या, चपला न्या. पण तिचं स्वेटर अन् शाल मी देत नाही. नाही म्हणजे नाही. तुमच्या घरी असन दहा शाली, मले काय करायचं? थंडी पडली की तिनं स्वतः यावं, अन् मले मागावं. शिव्या देत आली तरी चालन. अन् तिले सांगा की… नाही, काही सांगू नका. जा, बस चुकन तुमची.