दुपारपर्यंत गव्हर्नरचे

मार्लिस : पळून नाही आले, बाबा. कर्नलनीच सांगितलं, घरचं काय असेल ते आज उरकून घ्या. अख्ख्या तुकडीला सोडलंय.

ऑरिन : सोडलंय म्हणजे बांधावरून उठवलंय.

मार्लिस : हो. उठवलंय.

ऑरिन : नदी चढतेय आणि वाळूची पोती भरणारी माणसं घरी. छान. बूट काढ आधी, चिखल बघ केवढा. चिलीचा रस्सा गरम आहे. दालचिनीचे रोल कालचे आहेत, पण खाऊन मरणार नाहीस.

मार्लिस : मला भूक नाही.

ऑरिन : लेकीला भूक नाही म्हणजे प्रकरण मोठं आहे. बस आणि पहिल्यापासून सांग. मी गार्डमधून निवृत्त झालो त्याला जमाना झाला. आता कोण कोणाला हुकूम देतं, मला काय ठाऊक.

मार्लिस : दुपारपर्यंत आम्ही गव्हर्नरचे होतो. पुरासाठी त्यांनी राज्याचा नॅशनल गार्ड बोलावला. शाळेत पोरांना ट्रम्पेट शिकवायचं सोडून मी कॅप्टनचा गणवेश चढवला आणि तुकडी घेऊन बांधावर गेले. जेवणं चालली होती, तेवढ्यात कर्नलचा फोन आला. राष्ट्राध्यक्षांनी आपल्या राज्यातला सगळा गार्ड स्वतःच्या हाताखाली घेतलाय. शहरात मोर्चे चाललेत ना, तिथे जायचं, सरकारी कचेऱ्यांवर पहाऱ्याला.

ऑरिन : गव्हर्नर काय म्हणतायत?

मार्लिस : टीव्हीवर ओरडून सांगतायत की मी सैनिक मागितले नाहीत, आमचं शहर आमचे पोलीस सांभाळतील. कोर्टातही गेलेत. पण एकदा वरून हुकूम निघाला की आमच्यावर त्यांची सत्ता राहत नाही. निकाल येईल तेव्हा येईल. आम्ही उद्या पहाटे निघणार, आणि नदी उद्या रात्री सगळ्यात वर असणार.

ऑरिन : शपथ घेताना दोघंही होते त्यात. राष्ट्राध्यक्षांचा हुकूम मानीन, गव्हर्नरचाही मानीन. मी घेतली तेव्हा वाटलं होतं, दोघं एकाच सुरात बोलणार, आपल्याला काय त्याचं.

मार्लिस : बाबा, मी कर्नलना सांगायचं म्हणतेय की मी नाही नेणार तुकडी.

ऑरिन : हं. आणि मग?

मार्लिस : मग मला काढतील. खटलाही भरतील कदाचित.

ऑरिन : ते तुझं झालं. तुकडीचं काय?

मार्लिस : तुकडी जाणारच. ब्रॅडॉक म्हणून एक कॅप्टन आहे, दक्षिणेकडच्या जिल्ह्यातला, तो नेईल. माणूस वाईट नाही, पण डोक्यात राख घालून घेतो. मागच्या शिबिरात रस्त्यावरच्या कुणीतरी शिवी दिली, तर हा चार शिपाई घेऊन सरळ त्याच्या अंगावर गेला. आणि माझी पोरं तर तुम्हाला माहीत आहेत. निम्मी परवा-परवापर्यंत शाळेत माझ्या बँडमध्ये होती. पुढचा पळाला की ती पळतात.

ऑरिन : म्हणजे गेलीस तरी वाईट, नाही गेलीस तरी वाईट.

मार्लिस : म्हणून तर तुमच्याकडे आले.

(दारावर थाप. ऑरिनचा थोरला भाऊ डेल्मर चिखलाच्या बुटांसकट आत येतो. कित्येक वर्षांत त्याने या घराची पायरी चढलेली नाही.)

डेल्मर : मार्लिस, तुझी गाडी दिसली बाहेर. बांध समितीकडून आलोय, तुझ्याशी काम आहे. तुझ्याशीच.

ऑरिन : मार्लिस, काकाला सांग, घर माझं असलं तरी खुर्चीवर बसता येतं.

डेल्मर : तुझ्या बापाला सांग, मी उभा बरा आहे.

मार्लिस : एका खोलीत आहात दोघं. मी काही पोस्टमन नाही. बोला, काका.

डेल्मर : गावात हे काय ऐकतोय मी? तुम्ही निघालात म्हणे. अगं, शाळेमागचा बांध आत्ताच पाझरायला लागलाय. पंप नेऊ नकोस, ट्रक नेऊ नकोस. समितीच्या वतीने हात जोडतो.

मार्लिस : पंप आणि ट्रक आता माझ्या हातात नाहीत, काका. गार्डच्या हॉलमध्ये कुलूप लावून ठेवायचा हुकूम आहे.

डेल्मर : आणि माणसं?

मार्लिस : पहाटेपर्यंत मोकळी आहेत. मी त्यांना म्हटलं, घरी जा, बायकापोरांना भेटा. गणवेश उतरवल्यावर कोण कुठे जातं ते मी विचारणार नाही. मी निघाले तेव्हा बऱ्याच जणांच्या गाड्या नदीकडे वळत होत्या.

डेल्मर : हो, ते दिसले मला. तुझ्या तुकडीतला मॅकी पाटलोण वर दुमडून पोती टाकत होता. पण पहाटे जाणारच ना ते?

मार्लिस : जाणार.

डेल्मर : म्हणजे ऐन पुरात गार्ड पाठ दाखवणार. वा.

ऑरिन : मार्लिस, काकाला विचार, जन्मभर गार्डच्या नावाने खडे फोडले, आज त्याच गार्डशिवाय कसं अडलं?

डेल्मर : गार्डच्या नावाने नाही फोडले. तुझ्या नावाने फोडले.

मार्लिस : चला, थेट बोललात एकदाचे. आता एक करा. लहानपणापासून ही गोष्ट मी निम्मीच ऐकत आलेय. विषय निघाला की घरातले सगळे हवापाण्यावर बोलायला लागतात. उद्या मलाही तसंच कुठल्यातरी दारात उभं करणार आहेत. आज मला नीट सांगा, तेव्हा झालं काय?

डेल्मर : त्याला विचार.

ऑरिन : नको, तूच सांग. तुझंच जास्त गेलं.

डेल्मर : सांगतो. मांसाचा कारखाना होता आपल्या गावात, आता जिथे गोदाम आहे तिथे. मी तिथे मांस कापायच्या पट्ट्यावर होतो. मालकांनी पगार कापले, आम्ही संपावर गेलो. कडाक्याची थंडी. मालकांनी बाहेरून संपफोडे आणले, आणि त्यांना आत घ्यायला गव्हर्नरने गार्ड पाठवला. कुठला गार्ड? इथलाच. रविवारी चर्चमध्ये शेजारी बसणारी माणसं सोमवारी रायफली घेऊन समोर उभी. तीन नंबरच्या फाटकावर तुझा बाप.

ऑरिन : मी जागा मागून नव्हती घेतली.

डेल्मर : मीच सांगायचं ना? मग ऐक. संपफोड्यांच्या गाड्यांसाठी फाटक उघडलं आणि मी पुढे झालो. मारामारीला नाही गं. याला बघितलं आणि म्हटलं, ऑरिन, रविवारी आईकडे जेवायला येतोयस ना? मस्करीच केली. भीती वाटली होती, म्हणून केली. आणि हा सरळ समोर बघत म्हणतो, साहेब, मागे सरा.

मार्लिस : साहेब?

डेल्मर : साहेब. ज्याला मी सायकल शिकवली, ज्याच्या वाटचा मार बापाच्या हातून मी खाल्ला, तो मला साहेब म्हणाला. पुढे नोकरी गेली, घर गेलं, बायको पोरांना घेऊन माहेरी गेली, ते सगळं मी मालकांच्या नावावर लिहिलं. पण ते साहेब याच्या नावावर राहिलं.

ऑरिन : तसंच शिकवलं होतं आम्हाला. समोर कोणीही असो, साहेब म्हणायचं, ओळख दाखवायची नाही. पण खरं सांगू, डेल्मर? शिकवलं म्हणून नाही म्हणालो मी. तुझं नाव तोंडात आलं असतं ना, तर रायफल तिथेच टाकून तुझ्या बाजूला आलो असतो. मार्लिस रांगत होती तेव्हा. मला तुरुंगाची भीती वाटली. लाज वाटली, आणि लाजेपोटी आणखी ताठ उभा राहिलो.

डेल्मर : हे तेव्हाच का नाही सांगितलंस?

ऑरिन : कुठे सांगणार? दुकानात मी दिसलो की तू दुसऱ्या रांगेत जातोस.

मार्लिस : बाबा, तुम्ही रायफल टाकली असती तर?

ऑरिन : तर माझ्या जागी दुसरा आला असता. आणि एक ध्यानात ठेव. मला तिथे उभं करणारा गव्हर्नरच होता, आपल्याच राज्याचा, आपण मतं दिलेला. त्याउलट, त्याच्याही आधी, देशाच्या दक्षिणेत काळ्या पोरांना शाळेत शिरू द्यायचं नव्हतं, तेव्हा गव्हर्नरने गार्ड दारात आडवा लावला, आणि राष्ट्राध्यक्षांनी तोच गार्ड त्याच्या हातातून काढून घेऊन पोरांच्या रक्षणाला लावला. म्हणून म्हणतो, गव्हर्नर म्हणजे आपला आणि वॉशिंग्टन म्हणजे परका, एवढं सोपं नसतं ते. हुकूम कोणाचा हे बघावं लागतं, पण कशासाठी हेही बघावं लागतं.

डेल्मर : आणि हा कशासाठी आहे? शहरात काय आग लागलीये? माणसं फलक घेऊन रस्त्यावर उतरलीयत. आम्हीही उतरलो होतो. मार्लिस, तू जाऊ नकोस. इथे बांध फुटायला आलाय आणि तू तिकडे जाऊन कोणाला मागे सारणार?

मार्लिस : मी नाही गेले तर ब्रॅडॉक जाईल, काका. आत्ताच बाबांना सांगत होते. तापट आहे, आणि माझ्या पोरांना ओळखत नाही. शहरही ओळखत नाही.

डेल्मर : परका माणूस?

मार्लिस : परकाच म्हणायचा.

डेल्मर : हं. जरा बसतो मी. कॉफी आहे का?

ऑरिन : आहे. साखर तुझ्या हाताशी आहे.

डेल्मर : मार्लिस, अजून एक गोष्ट आहे. मी कोणाला बोललो नाही. पंधरवड्याने तुझ्या बापाची तुकडी बदलली, आणि लांबच्या जिल्ह्यातली माणसं फाटकावर आणली. त्यांना आमची नावं माहीत नव्हती. पहिल्याच सकाळी त्यांनी आमच्यातल्या नेल्स ओस्बीला ढकलून पाडलं आणि दंडुक्याने त्याचा हात मोडला. खांद्याजवळ. परत कधी तो हात वर गेला नाही.

ऑरिन : नेल्स बर्फावरून घसरला असं ऐकलं होतं मी.

डेल्मर : तसं लिहिलं होतं पेपरात. ऑरिन, तू होतास तोवर एकाच्याही अंगाला हात लागला नव्हता. आम्ही दगड मारले, तुम्ही नुसते उभे. मी तिथे होतो, मी बघितलं. पण हे बोललो असतो तर तुझ्यावरचा राग कशाच्या जोरावर धरला असता? म्हणून गप्प बसलो.

ऑरिन : एवढी वर्षं?

डेल्मर : राग सोडला तर उरलं काय होतं माझ्याकडे?

मार्लिस : म्हणजे मी जावं असं म्हणताय, काका?

डेल्मर : मी काहीच म्हणत नाही.

मार्लिस : असं नका करू. आपला माणूस फाटकावर असला म्हणून फाटक बरोबर ठरतं का?

डेल्मर : नाही. ते फाटक चूकच होतं. मरेपर्यंत चूकच म्हणणार मी. तुला धाडतायत तेही चूक आहे. पण नेल्सला विचारलं असतं ना, फाटकावर तुला कोण हवंय, तर त्याने ऑरिन म्हटलं असतं. एवढंच मला कळतं.

ऑरिन : मी तुला जा म्हणणार नाही, पोरी, आणि नकोही म्हणणार नाही. मी गेलो होतो ते भीतीने. तू भीतीने जाऊ नकोस, बास.

मार्लिस : भीती वाटतेय, बाबा. खोटं कशाला बोलू. मी शिकवलेल्या एखाद्या पोराच्या हातून काही वावगं घडलं तर मी कुणाला तोंड दाखवू? पण भीतीने नाही जाणार. आता ठरवते. हुकूम कायद्यात बसतो की नाही ते कोर्ट सांगेल. उद्या कोर्टाने परत फिरा म्हटलं तर मी सगळ्यात आधी गाडीत बसेन. तोवर मी नेते तुकडी. चेहरा कोणी झाकायचा नाही. छातीवरची नावाची पट्टी वाचता आली पाहिजे. रायफली गाडीत. दारात उभं राहायचं, माणसं धरायची नाहीत. तो अधिकारही नाही आता आम्हाला, गव्हर्नरचे होतो तोवर होता.

डेल्मर : आणि धरायला सांगितलं तर?

मार्लिस : तर तिथे नाही म्हणेन. सगळ्या पोरांच्या देखत, मोठ्याने. इथे चिलीसमोर बसून ‘नाही’ म्हणायला काय लागतं? इथे ऐकणारं कोण आहे?

ऑरिन : मी ऐकलं.

डेल्मर : मीही.

मार्लिस : मग झालं तर. काका, आता बांधाचं. मी जुने कपडे घालते आणि शाळेमागे येते, पहाटेपर्यंत. हातात काठी घेऊन नुसती मिरवणार नाही, पोती उचलीन. पण पहाटेनंतर तुमचं तुम्ही बघा.

डेल्मर : बघतो कसला. तुझे लोक गेले की उरतात कोण? पाद्रीबाई, बेकरीवाल्या बहिणी, आणि माझ्यासारखे म्हातारे.

ऑरिन : म्हातारा मीही आहे.

डेल्मर : तुझ्या गुडघ्यात लोखंड घातलंय असं ऐकलं.

ऑरिन : गुडघा वाकत नाही. उभं राहता येतं.

डेल्मर : उभं राहण्यात तू पहिल्यापासून पटाईत.

मार्लिस : काका.

ऑरिन : बोलू दे त्याला. खरंच आहे ते. डेल्मर, येऊ का मी सकाळी? माझा काही उपयोग असेल तर सांग, उगाच पायात यायचं नाही मला.

डेल्मर : एकट्याने भरायला गेलं की निम्मी वाळू बाहेरच सांडते. ये तू. फावडं मी मारतो, तू पोत्याचं तोंड धर.