पहिला क्रेट कोणाचा

आता तुम्हीच सांगा, माह्यं डोकं तं चालूनच नाही राहिलं. आमच्या पांढुर्ण्याच्या बागेतले संत्र्याचे क्रेट मोजाले म्या रस्ट भाषेत प्रोग्राम लिहिला. काट्यावर वजन झालं का क्रेट यादीत जाते. मोजणीत म्या लिहिलं एक, आन् पुढं दोन टिंबं. म्हणजे एक नंबरपासून पुढचे सगळे, शेवट सांगाची गरजच नाही.

पहिल्या दिवशी प्रोग्रामनं काढलेल्या चिठ्ठीवर चाळीस, गाडीतही चाळीस. संध्याकाळी माह्या ध्यानात आलं, हे भाषा तं शून्यापासून मोजते! म्हणजे पहिल्या क्रेटचा नंबर शून्य, आन् तो मोजणीतून सुटला. लगेच एकाच्या जागी शून्य केलं.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठीवर छत्तीस, गाडीत पस्तीस. ड्रायव्हर भडकला, "एक क्रेट कुठं लपवला?"

बाग सांभाळणारा आमचा काका मलेच म्हणे, "पहिला क्रेट संत्रे तोडणाऱ्या बायांचा असते. वजन करून त्याहिले घरी नेऊ देतो. तो कधी गाडीत चढते का? काल समजत होतं तुह्या कॉम्प्युटरले, आज काय झालं?"

"काका, काल माही चूक होती."

"मंग ते चूक परत टाक ना बाप्पा, गाडी खोळंबून राहिली!"