मामाजींनी धुतलेला ग्रामोफोन

त्या ग्रामोफोनचं नावच काढू नका माह्यासमोर. अकोल्याच्या जुन्या बाजारातून चावीचा ग्रामोफोन आणला मी अमरावतीले. एक वकीलसाहेब अशा जुन्या वस्तू ओळखतात, म्हणून त्यायले घरी बोलावलं.

त्यायनं झाकण उघडलं अन् विचारलं, "इथं कंपनीचा कागद चिकटवलेला असते. त्यावरूनच मशीन कोणतं अन् किती किमतीचं, ते समजते. कुठी गेला?"

"मीच खरडून काढला," माहे सासरे, म्हणजे मामाजी, म्हणाले. "लय कळकट झाला होता."

वकीलसाहेबायनं झाकण लावून टाकलं. मग म्हणाले, "बरं, तबकड्या तरी दाखवा."

"त्या बी साबणानं धुतल्या. गच्चीवर वाळून राहिल्या."

मी धावतच वर गेलो. मे महिन्याच्या उन्हात साऱ्या तबकड्या पापडासारख्या वाकल्या होत्या. मागून मामाजी आले.

"पाहा जावईबापू, कशा चमकून राहिल्या."